लग्न झाले नाही, पण घर हवे आहे: एका कॅथलिक शिक्षिकेच्या पत्राला उत्तर

वसई तालुक्यातील एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, राहणाऱ्या, माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ३७ वर्षांच्या भगिनीने मला चार पानी पत्र लिहिले आहे. त्याचा सारांश असा. लग्न करायचे नाही असे त्यांनी कधीच ठरवले नव्हते. पंचविशीत आलेली स्थळे शिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबवून ठेवली, तिशीत वडिलांचे आजारपण आले आणि आता जी स्थळे येतात ती घटस्फोटितांची असतात किंवा अन्य धर्मीयांची. दोन्ही भाऊ आपापल्या संसारात आहेत. 'सिस्टर का झाली नाहीस?' हा प्रश्न दर सणाला ऐकावा लागतो. मागच्या सप्टेंबरात जत्रेच्या दिवसांत त्या वांद्र्याच्या माउंट मेरीला गेल्या, बाहेरच्या दुकानातून मेणाचे बाळ विकत घेतले, पण ते अर्पण करण्याचा धीर झाला नाही. लग्नाशिवाय मूल मागणे हे पाप तर नाही ना, असे वाटून त्या ते घरी घेऊन आल्या. त्यांचे प्रश्न तीन आहेत: पती नसताना मुलाची आस धरणे चूक आहे का, ख्रिस्तसभा (कॅथलिक चर्च) आणि देशाचा कायदा यांच्या चौकटीत कोणते मार्ग खुले आहेत, आणि हाती वेळ किती आहे.

मी सव्वीस वर्षे कौटुंबिक प्रकरणांची वकिली करते आणि विवाहपूर्व शिबिरांत कायद्याचा तास घेते. मी धर्मगुरू नाही, त्यामुळे श्रद्धेविषयी जे लिहीन ते ख्रिस्तसभेच्या प्रसिद्ध दस्तऐवजांच्या आधारेच लिहीन; विवेकाचा निर्णय तुम्ही तुमच्या धर्मगुरूंशी बोलून करायचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. आस धरणे चूक नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातील परिच्छेद १६५८ अविवाहितांविषयी आहे आणि त्यात असे स्पष्ट मान्य केले आहे की पुष्कळ माणसे स्वतः न निवडलेल्या परिस्थितीमुळे कुटुंबाविना राहतात, ती येशूच्या हृदयाला विशेष जवळची आहेत आणि प्रत्येक घराचे दार त्यांच्यासाठी उघडे असले पाहिजे. हा परिच्छेद व्यासपीठावरून फारसा ऐकू येत नाही, हे मात्र खरे. प्रवचनांत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि मुले एवढेच गृहीत धरलेले असते आणि मागच्या बाकावर बसलेली अविवाहित बाई ते निमूटपणे ऐकून घेते. त्याच ग्रंथात पुढे, परिच्छेद २३७८ मध्ये, मूल हे कोणाचे येणे नसून दान आहे असे म्हटले आहे, आणि तो परिच्छेद तर संततीसाठी झुरणाऱ्या विवाहित जोडप्यांना उद्देशून आहे. म्हणजे मूल मागण्याची मुभा सर्वांना आहे, हक्क सांगण्याची मुभा लग्न झालेल्यांनाही नाही. तुम्ही मेणाचे बाळ अर्पण केले असते तर त्यात काहीही गैर नव्हते.

आता मार्गांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मांडते, कारण माझ्या सगळ्या सल्ल्याचा आधार तीच आहे. तुम्ही पत्रात 'कुटुंब' हा शब्द अकरा वेळा वापरला आहे आणि त्यात तीन निरनिराळ्या इच्छा आहेत: सोबती हवा आहे, मूल हवे आहे, आणि म्हातारपणी आपले म्हणता येईल असे घर हवे आहे. आपल्या समाजात या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, लग्नाच्या दिवशी, एकत्र मिळतात असे गृहीत असल्यामुळे मुली त्या तिन्हींसाठी एकाच दारात उभ्या राहतात. पण यांतल्या प्रत्येकीची मुदत वेगळी आहे. सोबती पन्नाशीतही मिळतो. माझ्या शिबिरात बावन्न वर्षांची नववधू बसलेली मी पाहिली आहे. लहान मूल दत्तक घेण्याची मुदत मात्र कायद्याने घातलेली आहे आणि तुमच्या बाबतीत ती जवळ आली आहे. घराच्या हक्काची मुदत तर बहुधा वडिलांच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या वर्षातच संपते, कारण तेव्हाच कागद पुढे केले जातात. म्हणून लग्नाचे काय ते आधी ठरू दे, मग बाकीचे बघू, हा तुमचा क्रम मला मान्य नाही.

स्थळांविषयी. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी आणि ईस्ट इंडियन अशा समाजांत लग्ने परवा-परवापर्यंत आपापल्या बोलीच्या आतच जुळत असत. मुली परिचारिका, शिक्षिका, बँक कर्मचारी झाल्या. बरोबरीचे शिकलेले मुलगे आखातात किंवा कॅनडात गेले, आणि गावात राहिलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी जास्त शिकलेली सून नको होती. हा तुमचा दोष नाही आणि तुमच्या नशिबाचाही नाही. त्यात पुन्हा नात्याचा अडथळा येतो. ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्याच्या, म्हणजे कॅनन कायद्याच्या, १०९१ व्या कलमानुसार आडव्या नात्यात चौथ्या श्रेणीपर्यंत, म्हणजे सख्ख्या चुलत, आते, मामे, मावस भावंडांपर्यंत विवाह निषिद्ध आहे. त्यापलीकडच्या नात्याला ही मनाई नाही. 'लांबून का होईना, नात्यातला आहे' म्हणून एखादे चांगले स्थळ नाकारले असेल तर श्रेणी मोजून पाहा; दोघांचे पणजोबा एक असले, तर ती सहावी श्रेणी होते आणि अडथळा उरत नाही.

घटस्फोटित पुरुषाच्या स्थळाबाबत माझा अनुभव कडू आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. असा पुरुष कॅथलिक असेल तर तो लग्नास मोकळा आहे की नाही, हे दोन वेगवेगळ्या कागदांवरून ठरते. ख्रिस्तसभेच्या न्यायासनाने पहिला विवाह मुळातच शून्य होता असा निर्णय दिला नसेल, तर दिवाणी न्यायालयाचा घटस्फोट हातात असूनही त्याचा तुमच्याशी देवळात विवाहसंस्कार होऊ शकत नाही. उलट, ख्रिस्तसभेचा निर्णय आहे पण दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा नाही, तर देशाच्या कायद्याच्या दृष्टीने तो अजून विवाहितच आहे आणि त्याच्याशी झालेले लग्न निरर्थक ठरते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ साली आणि पुन्हा २०१७ साली निःसंदिग्ध सांगितले आहे. 'चर्चकडून सगळे झाले आहे' या एका वाक्यावर विश्वास ठेवून साखरपुड्यापर्यंत गेलेल्या दोन मुली माझ्याकडे आल्या होत्या. पैकी एकीच्या वेळी हॉलचे पैसेही भरून झाले होते. दोन्ही कागदांच्या प्रमाणित प्रती पाहिल्याशिवाय पहिल्या भेटीच्या पुढे जाऊ नका. यात एक दिलासा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली केलेल्या सुधारणेनंतर विवाह-शून्यतेच्या निर्णयाला दुसऱ्या न्यायासनाची सक्तीची पुष्टी लागत नाही, त्यामुळे पूर्वीइतका काळ जात नाही. विधुराला अर्थातच यातले काहीच लागत नाही. पत्नीचा मृत्यूदाखला पुरतो.

अन्य धर्मीय स्थळांना तुमच्या आईचा विरोध आहे असे तुम्ही लिहिता आणि 'चर्चच परवानगी देत नाही' असे त्या म्हणतात. ते तसे नाही. अहिल्यानगर किंवा सोलापूरकडच्या बाप्तिस्मा झालेल्या प्रोटेस्टंट वराशी विवाह करायचा असेल तर बिशपांची परवानगी लागते; हिंदू, बौद्ध, मुस्लिम अशा बाप्तिस्मा न झालेल्या वराशी करायचा असेल तर कॅनन कायद्याच्या १०८६ व्या कलमातील अडथळ्यातून सूट लागते. ती मागता येते आणि योग्य कारण असल्यास मिळते. त्यासाठी कॅथलिक बाजूने, म्हणजे तुम्ही, आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन द्यायचे असते. वराने हे वचन द्यायचे नसते. तुम्ही ते दिले आहे याची त्याला कल्पना द्यायची असते. पूर्वी, १९७० पर्यंत, त्याच्याकडूनही लिहून घेतले जाई, आणि तुमच्या आईच्या मनात बहुधा तोच जुना नियम आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालते, त्यामुळे देवळातला असा विवाह कायद्यानेही वैध ठरतो. नको ती चूक एकच: धर्म न बदलता हिंदू पद्धतीने लग्न लावून हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवणे. त्या कायद्याला दोन्ही पक्ष हिंदू लागतात, आणि एका रोमन कॅथलिक पक्षाचे असे लग्न सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निरर्थक ठरवले आहे. विशेष विवाह कायद्याखाली केलेले लग्न देशाच्या दृष्टीने पूर्ण वैध असते, पण देवळातल्या विवाहविधीतून सूट घेतल्याशिवाय ख्रिस्तसभा ते मानत नाही.

'सिस्टर का झाली नाहीस' या प्रश्नाला फार जागा देणार नाही. धर्मभगिनी होणे हे स्वतंत्र पाचारण आहे, स्थळ न मिळालेल्यांची सोय नव्हे, आणि कोणताही शहाणा संघ मनात मातृत्वाची आस असलेल्या ३७ वर्षांच्या बाईला तेवढ्या कारणाने आत घेणार नाही. स्वतःच्या घरी राहून, बिशपांच्या हस्ते, आजन्म कौमार्याचे समर्पण करण्याचा एक प्राचीन मार्ग कॅनन कायद्याच्या ६०४ व्या कलमात आहे. तोही तुम्ही मागत असलेल्या गोष्टीचा मार्ग नाही.

तुम्ही एका डॉक्टरांकडे बीजांडे गोठवून ठेवण्याची चौकशी केली होती आणि ते पत्रात अगदी शेवटी, एका ओळीत, जणू कबुलीजबाबासारखे लिहिले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण दोन्ही बाजू स्पष्ट कळल्या पाहिजेत. देशाच्या सहायक जननतंत्रज्ञान कायद्याने, जो २०२१ चा आहे, २१ ते ५० वयाच्या स्त्रीला, ती अविवाहित असली तरी, हे उपचार घेता येतात. सरोगसीचा त्याच वर्षीचा कायदा मात्र अविवाहितेला ती मुभा देत नाही. एकट्या स्त्रियांपैकी फक्त ३५ ते ४५ वयाच्या विधवा आणि घटस्फोटिता त्यात बसतात. ख्रिस्तसभेची भूमिका १९८७ च्या 'दोनुम वीते' आणि २००८ च्या 'दिग्नितास पेर्सोने' या दोन दस्तऐवजांत आहे. मुलाचा जन्म पती-पत्नीच्या मीलनातून व्हावा, त्याला पर्याय म्हणून प्रयोगशाळा किंवा तिसऱ्या व्यक्तीचे बीज येऊ नये, असे ती सांगते. आणि दुसऱ्या दस्तऐवजात कृत्रिम गर्भधारणेसाठी बीजांडे गोठवून ठेवणेही स्पष्टपणे अमान्य केले आहे. २०२४ च्या 'दिग्नितास इन्फिनिता'ने सरोगसीलाही असाच ठाम नकार दिला. ही शिकवण तुम्हाला कठोर वाटेल, आणि ज्या स्त्रीला वेळ निसटताना दिसतो आहे तिला ती तशी वाटणे मी समजू शकते. तुम्ही 'चौकटीत राहून' असे विचारले आहे म्हणून स्पष्ट लिहिते की हा मार्ग त्या चौकटीत बसत नाही. मात्र अशा रीतीने जन्मलेल्या मुलाला कोणी बाप्तिस्मा नाकारील ही भीती निराधार आहे. बाप्तिस्म्यासाठी पालकांपैकी एकाची संमती आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी सार्थ आशा लागते. ते कसे जन्माला आले याची अट नाही.

राहिला तो मार्ग, ज्याविषयी तुम्ही विचारलेलेच नाही, आणि माझ्या मते तुमच्यासाठी तोच सर्वांत खरा आहे: दत्तक.

आपल्याकडे जुनी समजूत आहे की ख्रिश्चनांना दत्तक घेता येत नाही. ती समजूत खोटी नव्हती, जुनी झाली आहे. १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी होता आणि ख्रिस्ती जोडप्यांना १८९० च्या पालकत्व कायद्याखाली केवळ पालक नेमून घेता येई. मूल सज्ञान झाले की ते नाते कायद्याच्या दृष्टीने संपे आणि वारसाहक्क तर नसेच. बाल न्याय कायद्याने हे बदलले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले की कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली दत्तक घेता येते. २०१५ च्या कायद्याचे ५७ वे कलम एकट्या व्यक्तीलाही तो हक्क देते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, कोणीही घेता येते. ६३ व्या कलमानुसार आदेशाच्या दिवसापासून ते मूल वारसाहक्कासह सर्व अर्थांनी तुमच्या पोटचे ठरते.

ख्रिस्तसभेला हे मान्य आहे का? कॅनन कायद्याचे ११० वे कलम अवघे एका वाक्याचे आहे: देशाच्या कायद्यानुसार दत्तक घेतलेली मुले ही, ज्या व्यक्तीने किंवा ज्या व्यक्तींनी त्यांना दत्तक घेतले, त्यांचीच मानली जातात. मूळ लॅटिनमध्ये आधी एकवचन आणि मग अनेकवचन आहे. म्हणजे एकट्या व्यक्तीने दत्तक घेतल्यास त्या नात्याला कॅनन कायदा जागा देतो. तरीही दुसरी बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलाला आई आणि वडील दोघेही मिळावेत असा ख्रिस्तसभेचा आग्रह आहे, तिच्या शिकवणीत दत्तकाचा उल्लेख बहुधा जोडप्यांना उद्देशूनच येतो, आणि २०१५ साली एकट्या पालकांना मूल देण्याची वेळ येईल म्हणून मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीने भारतातील दत्तकाचे कामच थांबवले. तुमच्या धर्मग्रामातही कोणी तरी हा दाखला देईल. माझे मत असे की अनाथालयातील मुलासमोर 'आई-वडील की नुसती आई' असा पर्याय अनेकदा नसतोच; 'नुसती आई की कोणीच नाही' असा असतो. पण आक्षेपातला सच्चा भाग स्वीकारा आणि मुलाच्या आयुष्यात आजोबा, मामा, गॉडफादर अशी भरवशाची पुरुषमाणसे असतील, याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून करा.

आता वेळेचा हिशेब. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार एकट्या पालकाची कमाल वयोमर्यादा अशी आहे: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ४०, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ४५, चार ते आठसाठी ५० आणि आठ ते अठरासाठी ५५. पात्रतेसाठी नोंदणीच्या दिवशीचे वय धरले जाते, आणि पालक व मूल यांच्यात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. तुम्ही ३७ वर्षांच्या आहात. तान्हे बाळ हवे असेल तर नोंदणीसाठी तुमच्यापाशी जेमतेम तीन वर्षे आहेत, आणि लहान, निरोगी बाळासाठी नोंदणीनंतरची प्रतीक्षा काही वर्षांची असते, कारण नोंदणी केलेले पालक मुलांच्या मानाने कितीतरी अधिक आहेत. एखादे स्थळ जुळेल या आशेवर आणखी तीन वर्षे थांबलात तर हा एक दरवाजा आपोआप बंद होईल. उलट, नोंदणी केली आणि मधल्या काळात लग्न ठरले, तर नुकसान काहीच नाही. मात्र दांपत्य म्हणून दत्तक घ्यायला दोन वर्षांचा स्थिर संसार लागतो, हे लक्षात ठेवून अर्जाचे काय करायचे ते तेव्हा ठरवता येईल.

नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, संकेतस्थळावर स्वतःच करायची असते. त्यानंतर विशेष दत्तक संस्थेची समाजसेविका घरी येऊन गृहभेटीचा अहवाल तयार करते. तो तीन वर्षे ग्राह्य असतो. क्रम आला की मुलाचे छायाचित्र, वैद्यकीय आणि सामाजिक माहिती पाठवली जाते आणि ४८ तासांत होकार कळवावा लागतो. २०२२ पासून अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मूल घरी आल्यापासून दोन वर्षे समाजसेविकेच्या पाठपुराव्याच्या भेटी होतात. गृहभेटीला बहुतेक जणी फार घाबरतात; भांडी घासून लख्ख ठेवतात, पडदे बदलतात. तिला पाहायचे असते ते तुम्ही कामावर गेल्यावर मूल कोणाजवळ राहील, भावजया काय म्हणतात, आणि शेजारी विचारतील तेव्हा तुम्ही काय सांगणार आहात. या प्रश्नांची उत्तरे तयार असणे पडद्यांपेक्षा महत्त्वाचे आहे.

पत्रात तुम्ही ओळखीच्या कोणी 'एका नर्सिंग होममधून थेट बाळ मिळू शकते' असे सांगितल्याचे लिहिता. त्या वाटेला जाऊ नका. असा व्यवहार म्हणजे मुलाची खरेदी ठरते. शिक्षा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड अशी आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते मूल पुढे तुमच्याकडून काढून घेतले जाऊ शकते. भावाचे मूल 'मांडीवर घेण्याची' आपली जुनी रीतही नुसत्या बोलण्यावर कायदेशीर होत नाही. नात्यातील दत्तकाची वेगळी तरतूद त्याच कायद्यात आहे, पण मूल आपल्याच घराचे असले तरी तीही कागदाशिवाय चालत नाही.

थोडे मोठे मूल घेण्याचा विचार केलात तर एक बारकावा आहे. सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला कॅनन कायदा समजत्या वयाचे मानतो, म्हणून अशा मुलाला बाप्तिस्मा द्यायचा असेल तर तो त्याने स्वतः मागायला हवा आणि त्यासाठी धर्मशिक्षणाची तयारी करायला हवी. आठ वर्षांच्या मुलाला आल्या आल्या पुढच्या रविवारी देवळात नेऊन बाप्तिस्मा देण्याची घाई चालत नाही, आणि ते चांगलेच आहे. आधी त्याला घरातल्या माणसांची नावे तर पाठ होऊ देत. मूल कायमचे घेण्याची तयारी नसेल तर २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या व्यक्तींनाही संगोपन पालकत्वाची (फॉस्टर केअरची) वाट मोकळी केली आहे. तिची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात होते.

वडिलांच्या नावाचा रकाना ही तुमची भीती मी समजते. ज्या शाळेत तुम्ही शिकवता तिथेच तुम्ही तो रकाना भरून घेता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये ज्या खटल्यात अविवाहित आईला, पित्याला नोटीस न देता, मुलाचे एकटीने पालकत्व मिळू शकते असा निर्णय दिला, ती याचिकाकर्ती आई ख्रिस्ती होती. दत्तकाच्या बाबतीत तर प्रश्न त्याहून सोपा आहे, कारण दत्तक आदेशानंतर मुलाचा जन्मदाखला तुमच्या नावाने नव्याने मिळतो.

घराविषयी थोडक्यात, पण काळजीपूर्वक वाचा. ख्रिश्चनांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी यांचा हिस्सा समान आहे. वडील मृत्युपत्राविना गेले तर एक तृतीयांश आईला आणि उरलेले दोन तृतीयांश तुम्हा तिघा भावंडांना सारखे. त्या वेळी भाऊ प्रेमाने 'तुला कुठे टाकणार आहोत, सही कर' म्हणत हक्कसोड पत्र पुढे करतील. ते खोटे बोलत नसतील. पण त्यांच्यानंतरच्या पिढीने तसे वचन दिलेले नसते. सही करायचीच असेल तर बदल्यात राहण्याचा हक्क नोंदणीकृत कागदावर घ्या. तुमचे स्वतःचे घर किंवा ठेवी असतील आणि तुम्ही अविवाहित, निपुत्रिक असताना मृत्युपत्राविना गेलात, तर वडील हयात असल्यास सर्व काही एकट्या वडिलांना जाते, आईला नाही; हे बहुतेकींना माहीत नसते. म्हणून मृत्युपत्र आजच करा, आणि पुढे लग्न झाले तर ते पुन्हा करा, कारण या कायद्याच्या ६९ व्या कलमाने लग्नाबरोबर आधीचे मृत्युपत्र रद्द होते. मूल आले की त्याचे पालक कोणी व्हावे याची इच्छाही त्यात लिहून ठेवा. पालक नेमताना न्यायालय ती विचारात घेते.

या आठवड्यात करण्यासारखी कामे फार नाहीत. पॅन, आधार, जन्माचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावा. एकट्या पालकाच्या बाबतीत आणखी एक कागद लागतो: तुम्हाला काही झाल्यास मुलाची जबाबदारी घेईन, असे जवळच्या नातेवाइकाचे हमीपत्र. इतर कागद तुम्ही स्वतः जमवाल. या एकासाठी धाकट्या भावाशी आणि भावजयीशी दोघांसमोर बसून बोलावे लागेल, आणि भावजय गप्प राहिली तर तो होकार धरू नका. रविवारी मिस्सानंतर सगळे जेवायला एकत्र असताना हा विषय काढू नका. एखाद्या संध्याकाळी वेगळे जा, आणि फाइल बरोबर ठेवा.